सरकारी आरोग्यसेवेचा पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेवा मोफत असेल तर पैसे भरतो कोण?

लोकच भरतात. कर, पगारातून कापले जाणारे अंशदान, केसपेपरचे शुल्क, तेल किंवा खनिजांचे उत्पन्न, कर्ज आणि परकीय मदत, एवढ्याच वाटांनी सरकारकडे पैसा येतो. त्यातले कर्ज म्हणजे पुढे कधीतरी भरायचा कर. त्यामुळे ‘मोफत’ याचा अर्थ खिडकीवर पैसे मागत नाहीत, इतकाच घ्यावा. ते आधीच घेतलेले असतात.

मग एका देशाची व्यवस्था दुसरीहून वेगळी कशात? तीन गोष्टींत. पैसा आजारपणाच्या आधी घेतला की आजारी पडल्यावर. ऐपतीप्रमाणे घेतला की आजाराप्रमाणे. आणि गोळा झाल्यावर तो एका मोठ्या साठ्यात गेला की लहान-लहान डब्यांत विखुरला. चौथी गोष्ट सहसा चर्चेत येत नाही, ती म्हणजे रुग्णालयाच्या हातात पैसा कोणत्या हिशेबाने पडतो. आमच्या मते निम्मी भांडणे तिथलीच आहेत, म्हणून खाली त्यावर जास्त लिहिले आहे.

आजारी पडेल त्याने भरावे. यात अन्याय काय?

हिशेब करून पाहू. 1,000 लोक आहेत. वर्षात त्यातले 50 जण रुग्णालयात दाखल होतात आणि प्रत्येकाच्या उपचाराला सरासरी 200 दिवसांच्या मजुरीइतका खर्च येतो. एकूण खर्च झाला 10,000 दिवसांची मजुरी. ज्याचे त्याने भरायचे ठरले, तर 950 लोकांना काहीच द्यावे लागत नाही आणि 50 घरे कर्जात जातात. सगळ्यांनी मिळून भरायचे ठरले, तर माणशी 10 दिवसांची मजुरी येते. त्यातल्या 300 जणांना काहीच झेपत नसेल आणि त्यांचा वाटा बाकीच्या 700 जणांनी उचलला, तरी हा आकडा 14 च्या थोडा वर जातो. खर्च दोन्हीकडे तेवढाच आहे, तो कोणाच्या डोक्यावर पडतो एवढाच फरक.

शिवाय या वर्षीचे 50 जण कोण असतील ते जानेवारीत कोणालाच ठाऊक नसते. सामायिक साठ्याची सगळी उपयुक्तता या एका अज्ञानावर उभी आहे.

मग ऐच्छिक विमा पुरेसा नाही का? ज्याला हवा त्याने घ्यावा.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. 10 दिवसांचा हप्ता तरुण, धडधाकट लोकांना महाग वाटतो. असे 400 जण बाहेर पडले. त्यांच्यातले आजारी पडणारे फक्त 5 होते. उरलेल्या 600 जणांत 45 रुग्ण राहिले, म्हणजे हप्ता 15 दिवसांचा झाला. तो पाहून आणखी 200 गेले, त्यांच्यातले रुग्ण पुन्हा 5. आता 400 माणसे, 40 रुग्ण, हप्ता 20. विमा कंपनीने कसलीही लबाडी केलेली नाही, तरी हप्ता दुप्पट झाला आणि ज्यांना विम्याची खरी गरज आहे त्यांनाच तो परवडेनासा झाला.

यावर उपाय एकच, सक्ती. ती कराच्या रूपाने असो वा अनिवार्य विम्याच्या. स्वित्झर्लंडमध्ये विमा कंपन्या खासगी आहेत, पण 1996 पासून मूळ विमा प्रत्येक रहिवाशाला घ्यावाच लागतो, कंपनीला आजारी माणसाला नकार देता येत नाही आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना हप्त्यासाठी सरकारी मदत मिळते. या तीनपैकी एक पाय काढला की तिवई पडते.

जगात मुख्य पद्धती कोणत्या?

पुस्तकात दोन घराणी सांगतात. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात 1883 साली कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. तेव्हा हप्त्याचे दोन तृतीयांश कामगार आणि एक तृतीयांश मालक भरत असे. आता मूळ दर वेतनाच्या 14.6 टक्के आहे, निम्मा-निम्मा, आणि त्यावर प्रत्येक विमा निधीचा स्वतःचा जादा दर. दुसरे घराणे ब्रिटनचे. 5 जुलै 1948 रोजी तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, मुख्यतः सर्वसाधारण करांवर. ‘नॅशनल इन्शुरन्स’ या नावाने पगारातून जी कपात होते तिच्यावरच ही सेवा चालते, असा समज खुद्द ब्रिटनमध्येही आहे. प्रत्यक्षात त्या कपातीतून थोडाच भाग येतो, बाकी सगळा सामान्य करांतून.

कॅनडात सेवा प्रांतांची, पण केंद्राचे अनुदान अटींवर मिळते. 1984 च्या कायद्यानुसार एखाद्या प्रांतात रुग्णांकडून जादा आकारणी झाली, तर तेवढीच रक्कम त्या प्रांताच्या अनुदानातून कापली जाते. नियम कसा लिहावा याचा हा नमुना आहे: दंड चुकीइतकाच आणि आपोआप.

शुद्ध पद्धत आता कुठेच सापडत नाही. जर्मनीचा निधीही करांतून अनुदान घेतो.

कर चांगला की पगारातून अंशदान?

बहुतेक लोक पगारपत्रकावर काम करत असतील तर अंशदान गोळा करणे सोपे असते. मालकाच्या खात्यातूनच कापून घेता येते. शिवाय पैसा आरोग्याच्या नावानेच जमा होतो, त्यामुळे दरवर्षी अर्थ खात्याच्या दारात उभे राहावे लागत नाही. पण जिथे शेतमजूर, फेरीवाले, घरकामगार यांची संख्या मोठी आहे तिथे हा मार्ग अडखळतो. कोणाचे किती उत्पन्न हे ठरवायचे कसे? वर्गणी दारोदार जाऊन गोळा करण्याचा खर्च कधीकधी वर्गणीइतकाच होतो. आणि कमावत्यांची संख्या घटून म्हातारी माणसे वाढली, की फक्त वेतनावर उभा असलेला निधी आटू लागतो.

थायलंडने 2002 मध्ये या पेचातून सरळ वाट काढली. नोकरदारांच्या जुन्या योजना तशाच ठेवल्या आणि बाकी सगळ्यांना करांच्या पैशातून संरक्षण दिले. वर्गणी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. भेटीला फक्त 30 बाथ. असंघटित वर्ग मोठा असलेल्या देशांना आम्हाला हीच वाट बरी वाटते. गरीब कोण हे शोधत बसण्यात खरे गरीबच यादीबाहेर राहतात.

तंबाखू-दारूवर कर लावून तो थेट आरोग्याला दिला तर?

लावावा जरूर, कारण त्याने खप घटतो आणि आजारही. थायलंडमध्ये 2001 पासून दारू-तंबाखूच्या उत्पादन शुल्कावर 2 टक्के अधिभार आरोग्यसंवर्धनासाठी घेतला जातो. फिलिपिन्सने 2012 मध्ये हे कर वाढवले आणि नव्या उत्पन्नाचा मोठा भाग गरिबांच्या विमा हप्त्यांकडे वळवला. घानाने विम्यासाठी मूल्यवर्धित करासोबत 2.5 टक्के उपकर घेतला.

मात्र दोन खड्डे लक्षात ठेवा. कर यशस्वी झाला तर खप घसरतो आणि उत्पन्नही. त्यामुळे परिचारिकांचे पगार असल्या उत्पन्नावर टांगू नयेत. दुसरा खड्डा मोठा आहे. उपकरातून 100 आले की अर्थ खाते नेहमीच्या तरतुदीतून हळूच 100 कमी करते. पाटी बदलते, पाण्याची पातळी तीच राहते. राखीव पैसा खरोखर राखीव राहीलच असेही नाही; घानात 2017 साली अशा सगळ्या राखीव निधींवर मर्यादा घालणारा कायदा झाला.

रुग्णाकडून थोडे शुल्क घेतले तर उगाच येणारी गर्दी कमी होईल ना?

गर्दी कमी होते. पण उगाच आलेला कोण आणि गरजेने आलेला कोण, हे शुल्काला कळत नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात सुरू झालेल्या रँड या संशोधन संस्थेच्या प्रयोगात हजारो लोकांना उपचाराच्या खर्चाचा वेगवेगळा वाटा स्वतः भरायला लावला गेला, काहींना काहीच नाही. ज्यांना वाटा उचलावा लागला त्यांनी सेवा कमी वापरल्या, आणि त्यात उपयोगी व निरुपयोगी अशा दोन्ही सेवा सारख्याच घटल्या. साधे कारण आहे: छातीतली कळ गॅसची आहे की हृदयाची, हे ओळखता आले असते तर माणूस दवाखान्यात कशाला आला असता?

हाती पैसाही फार लागत नाही. गरीब, मुले, वृद्ध, गर्भवती यांना सूट द्यावीच लागते. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या औषधाला शुल्क आहे, तरी दिल्या जाणाऱ्या दहापैकी सुमारे नऊ औषधे सवलतीमुळे विनाशुल्क जातात. उरलेल्यांसाठी पावतीपुस्तक, रोखपाल आणि लेखापरीक्षण सांभाळायचे. शुल्क घ्यायचेच असेल तर वर्षाला कमाल मर्यादा बांधावी, आणि रक्तदाब, मधुमेह, क्षय यांची औषधे त्यातून वगळावीत. ही औषधे मध्येच सोडली की पुढचा खर्च कैक पटींनी सरकारवरच येतो.

रुग्णालयाला पैसे कोणत्या हिशेबाने मिळतात?

चार-पाच रीती आहेत, आणि प्रत्येक रीत डॉक्टरला व व्यवस्थापकाला काहीतरी सुचवत असते.

सर्वात जुनी रीत म्हणजे लेखाशीर्षांप्रमाणे वार्षिक अंदाजपत्रक: पगार इतका, औषधे इतकी, वीज इतकी. खर्च हाताबाहेर जात नाही. पण जास्त रुग्ण तपासले म्हणून एक पैसाही जादा मिळत नाही, आणि वीजबिलात बचत झाली तर त्यातून सलाइनच्या बाटल्या घेता येत नाहीत. त्यासाठी पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव वर पाठवावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत वर्ष संपते. यावर सौम्य उपाय म्हणजे एकरकमी अंदाजपत्रक: रक्कम ठरलेली, शीर्षांची वाटणी रुग्णालयाने करायची, हिशेब मात्र चोख.

दुसरी रीत प्रत्येक सेवेमागे पैसे. तपासणीचे वेगळे, एक्स-रेचे वेगळे, टाक्याचे वेगळे. रांग झटपट सरकते, कारण प्रत्येक रुग्ण म्हणजे उत्पन्न. चाचण्याही वाढतात, त्याच कारणाने. जपानने 1961 मध्ये सर्वांना विम्याखाली आणले आणि ही रीत ठेवली, पण देशभर एकच दरपत्रक लावले आणि दर दोन वर्षांनी ते सुधारले जाते. एखादी चाचणी अचानक फार होऊ लागली की तिचा दर उतरवतात.

तिसरी रीत आजारपणाच्या गटानुसार ठरीव रक्कम. हे गट येल विद्यापीठात तयार झाले आणि अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने 1983 पासून ते लागू केले. कल्पना अशी: मूळ दर समजा 100, साध्या प्रसूतीचे वजन 0.6 धरले तर 60 मिळणार, सांधेबदलाचे 2.2 धरले तर 220, रुग्ण चार दिवस राहो की आठ. त्यामुळे मुक्काम कमी होतात. त्याचबरोबर तीन दुखणी सुरू होतात. साध्या न्यूमोनियाची नोंद ‘गुंतागुंतीचा’ अशी होऊ लागते. रुग्णाला लवकर घरी धाडले जाते आणि आठवड्याने तोच पुन्हा ‘नवा’ म्हणून दाखल होतो. आणि मधुमेह असलेली, वयस्क, अवघड माणसे या ना त्या सबबीवर दुसरीकडे पाठवली जातात. उपायही तीन आहेत: कागदपत्रांची अचानक निवडून तपासणी, 30 दिवसांच्या आत त्याच कारणाने दाखल झाल्यास वेगळे पैसे न देणे, आणि अतिशय महागड्या प्रकरणांसाठी जादा तरतूद. दर खर्चापेक्षा कमी ठेवले तर मात्र कोणताही उपाय चालत नाही. रुग्णालय एक तर नाव काढून घेते, नाहीतर फरक रुग्णाकडून गुपचूप वसूल करते.

चौथी रीत दरडोई. दवाखान्याकडे 3,000 लोक नोंदलेले, माणशी वर्षाला अमुक रक्कम, मग कोणी येवो न येवो. लसीकरण आणि रक्तदाबावर लक्ष ठेवणे इथे फायद्याचे ठरते. तोटा असा की जरा अवघड रुग्ण दिसला की मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी फाडली जाते. म्हणून रक्कम वयाप्रमाणे बदलावी लागते आणि नोंदणी दुसऱ्या दवाखान्यात हलवण्याची मोकळीक लोकांना द्यावी लागते.

जाणत्या व्यवस्था मिश्रण करतात. थायलंडच्या योजनेत बाह्यरुग्णांसाठी दरडोई रक्कम आहे, तर भरती रुग्णांसाठी आजार-गट, पण एकूण रकमेला झाकण. तैवानमध्येही झाकण आहे. सेवांना तिथे गुण दिले जातात आणि वर्षभरात गुण फार झाले तर प्रत्येक गुणाची किंमत उतरते. खर्च आटोक्यात राहतो खरा, पण शेजारचा डॉक्टर जास्त गुण मिळवतोय म्हणून आपणही मिळवावेत, अशी शर्यत लागू शकते.

कोणत्या भागाला किती, हे कसे ठरते?

गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी भर घालून. बहुतेक ठिकाणी खरे उत्तर हेच आहे. जिथे मोठी रुग्णालये आधीपासून आहेत तिथे खर्च जास्त, म्हणून तरतूद जास्त, म्हणून पुढच्या वर्षी खर्च आणखी जास्त. ज्यूलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरांनी 1971 मध्ये याला ‘उलट्या सेवेचा नियम’ म्हटले: गरज जिथे जास्त तिथे चांगली सेवा कमी. इंग्लंडमध्ये 1976 साली सूत्र आले. लोकसंख्या, वयोमान आणि मृत्युदर पाहून वाटणी करायची. सूत्र लावताना श्रीमंत भागाची रक्कम एकदम कापू नये, वाढीचा पैसा तेवढा मागास भागाकडे वळवावा. एकदम कापली तर सूत्रच पुढच्या वर्षी मोडीत निघते.

अर्थसंकल्पात तरतूद मोठी दिसते, मग दवाखान्यात गोळी का नसते?

कारण तरतूद म्हणजे पैसा नव्हे, खर्चाची परवानगी आहे. तरतूद, प्रशासकीय मंजुरी, निधी वितरण, मागणी, निविदा, पुरवठा आणि देयक, एवढ्या पायऱ्या असतात आणि प्रत्येकीवर महिना-दोन महिने जातात. पहिला हप्ता उशिरा सुटला तर खरेदी वर्षाच्या शेवटी होते. घाईत मिळेल ते घेतले जाते, थोड्या मुदतीची औषधे गोदामात येऊन पडतात. जे खर्च झाले नाही ते परत जाते, आणि पुढच्या वर्षी ‘तुम्हाला खर्च करता येत नाही’ म्हणून तरतूदच घटते. पदे रिक्त असली की पगाराचा पैसा उरतो. कागदावर ती बचत दिसते.

देयके थकली तर त्याचीही किंमत मोजावी लागते. पैसे आठ महिन्यांनी मिळणार हे माहीत असलेला पुरवठादार त्या आठ महिन्यांचे व्याज दरातच धरतो, आणि प्रामाणिक लहान पुरवठादार निविदा भरायचेच सोडतात.

एक चूक मात्र पैशाची नाही, गणिताची आहे. मागणी महिन्याच्या सरासरी वापरावर ठरते. समजा सहा महिन्यांत 36,000 गोळ्या गेल्या, पण त्यातले दोन महिने साठाच नव्हता. सरासरी 36,000 भागिले 6, म्हणजे 6,000 काढली जाते. खरी सरासरी 36,000 भागिले 4, म्हणजे 9,000 आहे. चुकीच्या सरासरीवर केलेली मागणी कमीच येते, ती लवकर संपते आणि पुढची सरासरी आणखी घसरते. पुन्हा मागणी कधी करायची याचा ठोकताळा असा: माल यायला 4 महिने लागतात, 2 महिन्यांचा राखीव साठा हवा, तर 9,000 गुणिले 6, म्हणजे 54,000 गोळ्या शिल्लक असतानाच मागणी जायला हवी. कपाट रिकामे झाल्यावर पाठवलेली मागणी चार महिने उशिराचीच असते.

आणि इमारती. बांधकामाचे पैसे एकदाच लागतात आणि फीत कापता येते. परिचारिका, वीज, यंत्राची देखभाल, ऑक्सिजन यांचे पैसे दरवर्षी लागतात आणि त्यांची फीत कोणी कापत नाही. नव्या इमारतीच्या प्रस्तावासोबत पुढच्या दहा वर्षांच्या चालू खर्चाचा तक्ता जोडलेला नसेल, तर तो परत पाठवावा.

सगळेच उपचार का देत नाहीत?

पैसा मोजका आहे, त्यामुळे यादी असतेच. कुठे ती लिहिलेली असते, कुठे रांगेच्या, तुटवड्याच्या किंवा ओळखीपाळखीच्या रूपाने आपोआप तयार होते. लिहिलेली यादी बरी. तिच्याशी भांडता तरी येते. ब्रिटनमध्ये 1999 पासून यासाठी नाइस ही संस्था आहे. ती नव्या औषधाने निरोगी आयुष्य किती वाढते आणि त्या प्रत्येक वर्षाला किती खर्च येतो, हे तपासते.

परकीय मदत?

लस, एचआयव्ही, मलेरिया यांसाठी तिचा उपयोग झाला आहे. ती ठरावीक आजारापुरती येते आणि ठरावीक वर्षांनी जाते, म्हणून कायम पदांचे पगार तिच्यातून देऊ नयेत. लसींसाठी मदत देणारी गावी ही संस्था देशांकडून पहिल्यापासून थोडा वाटा घेते आणि देशाचे उत्पन्न वाढेल तसा तो वाढवत नेते. ही रीत बरी आहे; मदत संपते त्या दिवशी धक्का बसत नाही.

खर्च दरवर्षी वाढतोच का? उधळपट्टी होते म्हणून?

थोडी होते. पण मोठी कारणे दुसरी आहेत: नवी औषधे व यंत्रे, वाढते वयोमान, आणि पगार. कारखान्यात एक माणूस पूर्वीच्या दहापट माल काढू शकतो. परिचारिका एका वेळी दहापट जखमांची मलमपट्टी करू शकत नाही. तरी तिचा पगार बाहेरच्या पगारांबरोबर वाढवावाच लागतो, नाहीतर ती नोकरी सोडते.

सरकारी आकडे वाचताना काय पाहावे?

‘तरतुदीत 8 टक्के वाढ’ असे वाचले तर आधी महागाई आणि लोकसंख्या वजा करा. महागाई 6 टक्के आणि लोकसंख्यावाढ 1.5 टक्के असेल, तर माणशी खरी वाढ 0.4 टक्क्याच्या आसपासच उरते. मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी-शेजारी मांडा. बातमी पहिल्याची होते, दवाखाना तिसऱ्यावर चालतो. एकूण बजेटातला आरोग्याचा टक्काही पाहा, पण वचनांवर विसंबू नका. आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी 2001 मध्ये अबुजा येथे 15 टक्क्यांचे वचन दिले होते, बहुतेकांना ते गाठता आलेले नाही.

मग देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा किती, ते शोधा. तो 15 ते 20 टक्क्यांच्या खाली असेल तर आजारपणामुळे दिवाळे निघणारी घरे कमी असतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. घराच्या एकूण खर्चाच्या 10 टक्क्यांहून जास्त उपचारांवर गेले तर तो ‘पेलण्यापलीकडचा’ खर्च, अशी एक रूढ मोजणी आहे. जगण्यापुरते बाजूला काढून उरलेल्याच्या 40 टक्के, अशी दुसरी. दोन्हींत एक भोक आहे. परवडत नाही म्हणून ज्याने दवाखान्याची पायरीच चढली नाही, त्याचा खर्च शून्य नोंदला जातो आणि आकडा सुधारल्यासारखा दिसतो. त्यामुळे ‘गेल्या वर्षी गरज असून उपचार घेतले नाहीत असे झाले का, आणि का?’ हा प्रश्न ज्या पाहणीत विचारला आहे, तिचे उत्तर शेजारी ठेवूनच हे आकडे वाचावेत.